आपल्याच माणसाजवळ

९ फेब्रुवारी २००३, रविवार

आई नाही म्हणाली!

रूपालीला सातवा संपत आला. तिची आई वारलेली, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही गडहिंग्लजला माहेरी जायचं नाही, इथंच कोल्हापुरात व्हायचं, हे आधीच ठरलेलं. आज जेवताना रूपालीनं सरळच विचारलं — "आत्ती, कळा सुरू झाल्या की तुम्हीच माझ्याजवळ बसायचं हं." ती आईला आत्ती म्हणते. त्यांच्याकडं सासूला तसंच म्हणतात.

आईनं हातातला तुकडा ताटात ठेवला.

"मी न्हाय बसणार. चिमणाबाईला सांगते. न्हायतर सोनम हाय." दोघी आईच्या कामावरच्या.

"परक्या बायकांजवळ बसता की!"

"परक्याच म्हणून बसते."

उठून हात धुतले. विषय संपला.

राजारामपुरीतल्या प्रसूतिगृहात आई वीस वर्षं हेच करते. कळा देणाऱ्या बाईजवळ बसणं. डॉक्टरीणबाई येतात आणि जातात, सिस्टर येतात आणि जातात, आई उठत नाही. कागदावर ती आया आहे. बायका शालनमावशी म्हणतात. अर्ध्या राजारामपुरीतली पोरं आईच्या डोळ्यांसमोर जन्मली. आणि सुनेला नाही म्हणते!

खरं लिहायचं तर — ती नाही म्हणाली तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायलाही लाज वाटते. का वाटलं ते आज लिहीत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

रूपाली बोलत नाही. आईशी बोलते, माझ्याशी नाही. माझा काय दोष?

१६ फेब्रुवारी, रविवार

घरापासून प्रसूतिगृह — चालत अकरा मिनिटं. रिक्षानं चार, चौकात गर्दी असली तर सहा. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा स्टँडवर उभा राहिलो तर रिक्षावाला म्हणाला, "पावणं, बसायचंय का नुसतं घड्याळ बघायचंय?"

घरी सांगितलं. आई म्हणाली, "बाळंतपण तुझं हाय का तिचं?"

रूपाली हसली. सहा दिवसांनी हसली, बरं झालं.

दुपारी खानावळीचा बोर्ड रंगवून पुरा केला. 'शाकाहारी व मांसाहारी'. 'हारी' दोन्हीकडं दीर्घ. नववीत शाळा सुटली, पण माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. ते क्रांतीआक्कामुळं, थोरल्या बहिणीमुळं. ती दहावी झाली होती. संध्याकाळी मला घेऊन बाजारातल्या पाट्या वाचायची आणि चुकलेली वेलांटी दाखवली की चिमूटभर खारे दाणे द्यायची. आता फ्लेक्स आलंय. मशीनवर तासाभरात बोर्ड होतो, वेलांट्या मशीनच चुकवतं. दाणे कुणाला द्यायचे?

आक्का या घरात होती तेव्हा घर किती मोठं वाटायचं. खोल्या तेव्हाही दोनच होत्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

रूपाली हुशार आहे. विचारायचं सोडलं, नुसती पाठ पुढं केली. "आत्ती, कंबर भरून आलीया." आई तेल घेऊन बसली. आईचा हात चालू झाला की तोंडही सुटतं. मी दाराशी ब्रश रॉकेलमध्ये धूत होतो. सगळं ऐकलं. विसरायच्या आत लिहितो.

आईची आई तानाबाई गडहिंग्लजकडच्या एका खेड्यात सुईण होती. "नाळ आमच्या आईनं कापायची, पोरगं आमच्या आईनं न्हाऊ घालायचं. आन घोटभर पाणी मागितलं की वरनं ओंजळीत. पोराला विटाळ न्हाय, तांब्याला विटाळ!" आई हे सांगताना हसली. मला हसू आलं नाही.

आई १९८३ साली प्रसूतिगृहात लागली ती फरशी पुसायला. कुणी तिला जवळ बसायला सांगितलं नव्हतं. फडकं मारत जाताना एका बाईनं मनगट धरलं आणि सोडेचना. आई घाबरली, आणि घाबरून बोलत सुटली. धीर धर, माझ्या नणंदेचं असंच झालं, तिच्या जावेचं तसं झालं... चिमणाबाई तिथली जुनी आया. ती दारातनं ओरडली, "शालन, तोंड हाय का एसटीचा भोंगा? तिला तिचं वरडणं ऐकू येऊ दे की!"

"मग गप बसला व्हय?" रूपालीनं विचारलं.

"कुठलं गप! गप बसाय शिकायला मला चार वर्षं लागली."

चोळायचंही तसंच. सुरुवातीला ती एकसारखी चोळत राहायची, बायांची कातडी लाल व्हायची. चिमणाबाईनं आईचा हात आपल्या हातात धरून दाखवलं — कळ येते तेव्हा तळव्यानं माकडहाडावर जोर द्यायचा, कळ गेली की हात काढायचा. "मधल्या येळंला तिला तिची ती असू दे."

आई बोलत होती आणि रूपालीला झोप लागली. आई तरी बोलत राहिली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू काय ऐकतोस? ब्रश धू."

२ मार्च, रविवार

आज पुन्हा पाठ, पुन्हा तेल. आज आईनं तिची एक चूक सांगितली.

१९८८. शेतकरी घरातली बाई, आधीच्या दोन मुली. दमून गेलेली, जोर लावीना. आईला वाटलं, धीर द्यावा. "मुलगाच हाय बघ! मला पोटावरनं कळतंय. लाव जोर!" बाईनं लावला. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत.

"तिनं तोंड भिंतीकडं केलं ते केलंच. दुसऱ्या दिशी दुपारपातूर पोरीला पदराखाली घेतलं न्हाय. मी त्या पोरीला घिऊन व्हरांड्यात हिंडत हुते. खोटं बोलून मी तिच्याकडनं काम करून घेतलं की गं."

तेव्हापासून आई पुढचं काही सांगत नाही. मुलगा का मुलगी नाही, 'आता सुटशील' नाही, 'सगळं चांगलं होईल' तर नाहीच नाही. जे आत्ता आहे तेवढंच. कळ आली. गेली. पाणी घे. कुशीवर वळ.

चिमणाबाई म्हणायची म्हणे, त्या मुलीनंतर शालन कामाची झाली.

९ मार्च, रविवार

आईला कामावर न्यायला सोनम आली होती. एकोणीस वर्षांची, नवी आया, आईच्या हाताखाली आहे. चहा पिताना तक्रार करत होती — काल एका बाईच्या सासूनं दवाखान्यात सगळ्या गाठी सोडायला लावल्या. वेणी सोडा, परकराची नाडी सैल करा, घरी निरोप धाडून पेटीचं कुलूप उघडायला सांगितलं. गाठ राहिली तर बाळ अडतं म्हणे!

"मावशी, आपण तर असलं काय मानत न्हाय. तुम्ही सासूला बोलला का न्हाय?"

आई म्हणाली, "गाठीनं काय अडत न्हाय. पण उताणं निजलं की वेणी मानेला रुततीया, नाडी पोटाला रुततीया. सोडल्यावर तिला बरं वाटलं का न्हाय? मग सासूला बोलून काय करू? तिलाबी काम पायजे की हाताला."

सोनमनं कप खाली ठेवला. बहुतेक पाठ करत असावी.

मग आईनं १९९८ च्या शिबिराचं सांगितलं. एका संस्थेनं आयांना बोलावलं होतं, आठ दिवस. मॅडम चित्रं दाखवत होत्या — बाईला झोपवून ठेवू नका, चालवा, ओणवं करा, काहीतरी धरून उभी करा. आईनं हात वर करून सांगितलं, "आमची आई आढ्याला दोरी बांधायची धरायला." मॅडमनी दोन वेळा सांगायला लावलं आणि लिहून घेतलं!

"अंगठा उठवला तरी चाललं असतं, पर मी सही केली," आई म्हणाली. ती सही आक्कानं शिकवलेली. १९९३ च्या उन्हाळ्यात, पाटीवर. 'शालन' मधला श आईला जमत नव्हता आणि आक्का हसून हसून लोळत होती. तो उन्हाळा मला अजून जसाच्या तसा दिसतो.

२३ मार्च, रविवार

मला बरं का वाटलं, ते आज लिहितो.

ऑगस्ट १९९५, गुरुवार. मी पंधरा वर्षांचा. क्रांतीआक्का हुपरीला दिलेली. घरात पैंजणांचं काम, सणाच्या ऑर्डरी, म्हणून सातव्यात माहेरी पाठवलीच नाही. नववा लागला तरी नाही. त्या दिवशी सकाळी साडेदहाला आक्का एकटी एसटीनं आली. पिशवी काखेत, आणि कळा सुरू झालेल्या.

आईनं तिला आतल्या खोलीत निजवलं, पोटावर हात ठेवला. मी म्हणालो, रिक्षा आणू? आई म्हणाली, "घाई न्हाय."

घाई न्हाय! चार तास आईनं तिला घरात ठेवली. डोकं मांडीवर घेऊन केस विंचरले, शिरा करून भरवला. दोघी हसत होत्या, मी बाहेरून ऐकत होतो. अडीच वाजता रिक्षा आणायला सांगितलं. दवाखान्यात बाळ झालं ते मेलेलंच.

आक्काची सासू प्रसूतिगृहाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "चार घंटे घरात ठेवली. लई शानी सुईण! स्वतःच्या नातवाला खाल्लं हिनं." आई काही बोलली नाही. यल्लाप्पा दाजीही बोलले नाहीत. आक्काही नाही.

त्यानंतर आक्का या घरात राहिली नाही. तिला पुढं मुलगा झाला, तिकडंच. वर्षातून एकदा, चौदा एप्रिलला, जयंतीला येते, संध्याकाळच्या गाडीनं जाते. आठ वर्षं होत आली. तिनं आईला क्षमा केली नाही, असं मी समजतो. आणि मी? मी रस्त्यांची मिनिटं मोजतो.

रूपालीला हे सांगितलेलं नाही. सांगू कसं — की माझ्या आईचा हात सगळ्या गावाला लाभतो, आपल्याला लाभत नाही?

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. आक्का आली, मुलाला घेऊन. दिवसभर मिरवणुकीचे ढोल, मुलगा खांद्यावर घे म्हणून माझ्या मागं.

आक्का रूपालीजवळ बसली. रूपालीनं तिलाच मध्ये घातलं — "आक्का, तुम्ही तरी आत्तींना सांगा की, माझ्याजवळ बसा म्हणून. का न्हाय म्हणतात तेच कळत न्हाय."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

जाताना स्टँडवर विचारलं, "आई कुणाजवळच बसत न्हाय आपल्यातल्या?"

"नाही. काकीच्या लेकीलाही नाही म्हणाली. मामाच्या सुनेलाही."

"कवापासनं?"

आता काय सांगायचं! "तुझ्यानंतर," म्हणालो.

गाडी लागली तरी ती चढेना. कंडक्टर ओरडला, "ओ ताई, येताय का ढोल ऐकताय?" मग चढली. खिडकीतनं हात केला नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

चिमणाबाई गावच्या जत्रेला गेली, आठ दिवस येणार नाही. राहिली सोनम. पाळण्याचे स्क्रू आवळले. सैल नव्हते.

२४ एप्रिल, गुरुवार

हुपरीच्या वाण्याकडं फोन करून आक्काला निरोप ठेवला — दिवस भरलेत. येईल असं वाटत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

आक्का आली! मुलाला सासूपाशी सोडून, एकटी, पिशवी घेऊन.

२७ एप्रिल, रविवार

मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत. आता सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी सहाला रूपालीच्या कळा सुरू झाल्या. आईनं पोटावर हात ठेवला नाही, नुसतं विचारलं, "बाळ फिरतंय न्हवं?" रूपाली म्हणाली, "लाथा घालतंय!" साडेनऊला रिक्षा. पाच मिनिटं.

रूपाली आत गेली, जवळ सोनम. आई बाहेर बाकावर बसली, आक्का आणि मी शेजारी. वीस वर्षांत आईला त्या बाकावर बसलेली मी बघितली नव्हती. पाहुण्यासारखी, पिशवी मांडीवर धरून.

सोनम चांगली पोरगी, पण आज घाबरली होती. एकसारखी बोलत होती. "आता झालंच हं! थोडंच ऱ्हायलंय! सगळं चांगलं हुतंय बघा!" रूपालीचा आवाज चढत गेला. बारा वाजले. ती 'आत्ती, आत्ती' म्हणून हाक मारायला लागली. आई उठली, दारापर्यंत गेली, दाराच्या कडीला हात लावला. परत येऊन बसली. असं तीन वेळा. मी मोजलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "शालन, सून घाबरून अंग आवळून घेतीये. बाळ चांगलं आहे, पण ती अशीच राहिली तर अवघड होईल. तू का बाहेर?"

आई म्हणाली, "मला जमायचं न्हाय, बाई."

त्या आत गेल्या. खोटं कशाला लिहू — त्या क्षणी मला आई आत जायला हवी होती, आणि भीतीही वाटत होती, दोन्ही.

तेव्हा क्रांतीआक्का उठली आणि आईसमोर उभी राहिली. भांडायला उभं राहावं तशी.

"आई, ऐक. माझं बाळ तुझ्या घरात गेलं न्हाय. मी यायच्या आधी दोन दिस ते हललं न्हवतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कुणाला बोलले न्हाय मी. बोललं की खरं हुईल असं वाटलं. तुझ्याकडं आले, तू हसत हुतीस, मीबी हसले. मग लोकं तुला बोलली. सासू बोलली. मी ऐकत ऱ्हायले. आता सांगायचं कसं, म्हणून यायचीच बंद झाले. तुझी चूक न्हवती, आई. तुझ्या हाताची न्हवती. जा आत."

बाकावरच्या दोन-तीन बायका बघत होत्या. आक्काचा पदर खांद्यावरून घसरला होता. आईनं तो सारखा केला. पिशवी माझ्याकडं दिली. आत गेली.

सोनमचा आवाज बंद झाला. थोड्या वेळानं रूपालीचाही वेगळा झाला — मोठाच होता, पण हाक मारल्यासारखा नाही, ओझं उचलताना निघतो तसा. आईचा आवाज मी कान देऊन ऐकत होतो. दोन तासांत चारच वेळा आला. तोही "पाणी घे" एवढाच.

दोन चाळीसला रडणं ऐकलं. आक्का माझं मनगट धरून बसली होती. तिची नखं रुतली आहेत, आत्ता दिसतंय.

मुलगी. आईनं बाहेर आणून आधी आक्काच्या हातात दिली, मग माझ्या.

२८ एप्रिल, सोमवार

आठ वर्षं मी आईला मनात दोष दिला. एकदाही विचारलं नाही. एवढंच लिहवतं.

४ मे, रविवार

आक्का अजून इथंच आहे. मध्ये जाऊन मुलालाही घेऊन आली. पाट्या दाखवायला नेलं त्याला. राजारामपुरीत तीन चुका सापडल्या. दाणे दिले.

११ मे, रविवार

आक्का सकाळी हुपरीला गेली. दुपारी आई बाळाचे लंगोट वाळत घालत होती. धीर करून म्हणालो, "आई, आक्कानं तेव्हाच सांगितलं असतं तर तुला एवढी वर्षं बोलणी खावी लागली नसती."

आई म्हणाली, "मला ठावं हुतं की."

"काय?"

"पोटावर हात ठेवला तवाच कळलं. बाळ गेलतं."

मग चार तास का? रिक्षा का नाही?

"घाई करून काय आणणार हुते? म्हटलं, तेवढं चार तास तरी तिला बाळाची आई असू दे. ते बरूबर केलं का चूक, मला आजून कळलं न्हाय. म्हणून आपल्यातल्याजवळ बसत न्हवते. आन सासूला खरं कळलं असतं तर म्हणाली असती, सुनंनंच लपवलं. मला बोलली तेच बरं झालं."

"आक्काला सांगू?"

आईनं शेवटचा लंगोट झटकला.

"कशाला? तिला वाटतंय तिनं मला सोडवलं. वाटू दे."

हे पान फाडावं का, यावर बराच वेळ विचार केला. फाडलं नाही.